फ्लॅकच का?

घरच्या सीडी संगणकावर उतरवायच्या तर कुठल्या फॉरमॅटमध्ये, असं भाचेमंडळी विचारतात. मी फ्लॅक म्हणतो. कारण इतिहासात आहे.

सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. एमपी३ त्यातलं बरंचसं कायमचं टाकून देतो. लॉसलेस पद्धत काहीच टाकत नाही. आधीच्या आकड्यांवरून पुढचा आकडा ती ताडते आणि अंदाज कितीने चुकला तेवढंच लिहून ठेवते. (आमच्या शाळेतले गणिताचे सर खूश झाले असते!) फाइल साधारण निम्मी होते, उलगडली की मूळ आकडे जसेच्या तसे.

टोनी रॉबिन्सन यांनी ‘शॉर्टन’मधली ही रीत १९९४ साली मांडली. २००१ मध्ये जॉश कोल्सन यांनी फ्लॅक सगळ्यांना मोफत खुलं केलं. ॲपलने मात्र २००४ मध्ये स्वतःचं वेगळं ॲलॅक काढलं आणि त्याची कृती २०११ पर्यंत झाकून ठेवली, सुनेलाही मसाल्याचं प्रमाण न सांगणाऱ्या सासूसारखी! शेवटी २०१७ पासून त्यांच्याच फोनवर फ्लॅक वाजू लागलं. २०२४ च्या डिसेंबरात इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने फ्लॅकची कृती छापूनच टाकली. आता ती कुणाच्या मर्जीवर नाही.

ॲलॅकमध्ये साठवलं असेल तरी घाबरू नका. त्याचं फ्लॅक करताना काहीही गळत नाही. एमपी३चं फ्लॅक मात्र करू नये. फाइल फुगते, गेलेला सूर परत येत नाही. त्यासाठी मूळ सीडीच शोधावी लागते, तेव्हा त्या रद्दीत देऊ नका.