लघुलहरी आणि पाऊलवाटा

डोळखांबहून सह्याद्रीच्या पायथ्याने दक्षिणेकडे गेले, की मुरबाड तालुक्यात सिद्धगड लागतो. येथे २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले होते. पुढारी तुरुंगात आणि वृत्तपत्रांवर बंधने असताना अशा चळवळीत बातमी आणि निरोप पोहोचत कसे?

एक उत्तर मुंबईत सापडते. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची दडपलेली बातमी त्यावरून लोकांपर्यंत गेली. लघुलहरी उंचावरील आयनांबरावरून परावर्तित होतात, त्यामुळे लहान प्रक्षेपकाचा आवाजही दूरवर जाऊ शकतो.

पण ज्या लहरी श्रोत्याला मिळतात, त्या पोलिसांनाही मिळतात. वेटोळ्याची एरियल फिरवून लहरींची दिशा काढता येते. दोन ठिकाणांहून काढलेल्या दिशा जेथे छेदतात, तेथे प्रक्षेपक असतो. म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. तरीही १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिस दारात आले, ते एका तंत्रज्ञाने माहिती फोडल्यामुळे.

दुसरे उत्तर पाऊलवाटेवर आहे. हातोहात जाणारी चिठ्ठी किंवा तोंडी निरोप हळू जातो, एका वेळी एकालाच मिळतो. पण त्याच्या लहरी कोणी पकडू शकत नाही. मात्र त्यासाठी वाटेवरचा प्रत्येक माणूस विश्वासाचा हवा. भाई कोतवालांनी १९४२ पूर्वीच शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि गावांत शाळा सुरू केल्या होत्या. दस्त्याला रानात आसरा मिळण्यामागे ही जुनी ओळख होती.

म्हणजे रेडिओ एकच बातमी एकाच वेळी अनेकांना देतो, पण कोणावर भरवसा ठेवायचा हे तो ठरवू शकत नाही. रेडिओ फितुरीने पकडला गेला आणि रानातल्या दस्त्यालाही शेवटी पोलिसांनी गाठले; दोन्हींचे टिकणे यंत्रावर कमी, माणसांवर अधिक अवलंबून होते.

वर्गात एक गणित जरूर द्यावे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्याला ४२.३४ ने भागले, की काँग्रेस रेडिओची वारंवारता सुमारे ७.१ मेगाहर्ट्‌झ येते. मग मुलांना विचारावे : सर्वांना कळवायची बातमी आणि एकालाच सांगायचा बेत, यांपैकी काय लहरींवर सोडाल आणि काय पायी पाठवाल?