अर्धवट दुरुस्त झालेली स्टेशन-वॅगन
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

परभणीस आमच्या वाड्याच्या परसांत, पत्र्याच्या छपराखालीं, एक अमेरिकन मोटार कित्येक वर्षें उभी होती. ती यंदा आम्हीं विकली. मोटार विकणें ही कांहीं नभोवाणीवरून सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, हें मला मान्य आहे. परंतु ही मोटार पाऊणशें वर्षांहून जुनी, तिची दुरुस्ती अर्ध्यावर थांबलेली, आणि विकत घेणाऱ्यास तिच्याविषयीं काय सांगावें व काय सांगूं नये, असा प्रश्न आमच्या घरांत उत्पन्न झालेला. त्याचें उत्तर शोधतांना मला तिचा इतिहास धुंडाळावा लागला. तोच आज आपणांपुढें ठेवतों.

ही गाडी ‘स्टेशन-वॅगन’ या जातीची. या नांवांतील स्टेशन म्हणजे रेल्वेचें स्टेशनच. अमेरिकेंत आगगाडीनें येणारे उतारू व त्यांच्या ट्रंका स्टेशनावरून घरीं किंवा हॉटेलांत पोंचविण्यासाठीं ही गाडी जन्मास आली. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीची चासी विकत घ्यावी आणि सुतारकामाच्या कारखान्यांत तिच्यावर लांकडी सांगाडा, बाकें व छप्पर चढवून घ्यावें, असा प्रारंभींचा प्रकार होता. परभणीकरांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. सन १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा मीटर गेजचा लोहमार्ग आमच्या गांवावरून गेला. तेव्हांपासून स्टेशनाबाहेरील टांगेवाले जें काम करीत आले, तेंच ही गाडी घोड्यावांचून करीत असे.

सन १९२९ मध्यें फोर्डनें अशी लांकडी गाडी स्वतःच्या नांवानें विकण्यास आरंभ केला. तिचें लांकूड मिशिगन संस्थानांतील आयर्न माउंटन येथें, कंपनीच्याच कारखान्यांत कापलें जाई. गाडी दिसे मोठी डौलदार. पण लांकूड म्हटलें कीं ऊन-पाऊस आला, आणि वर्षाच्या वर्षाला वार्निश देणेंही आलें.

ही कटकट दूर केली ओहायोंतील टोलेडो शहराच्या विलीज-ओव्हरलँड या कंपनीनें. दुसऱ्या महायुद्धांत जीपगाड्या बनवून तिनें नांव मिळविलें होतें. युद्ध संपलें, आतां शांततेच्या काळांत काय विकावें? ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखकानें तिला सबंध पोलादी पत्र्याच्या स्टेशन-वॅगनचा आराखडा करून दिला, आणि १९४६ सालीं ती बाजारांत आली. मोटारींचे सांगाडे बनविणारे मोठे कारखाने त्या वेळीं मोकळे नव्हते. घरगुती उपकरणांचे पत्रे दाबणारे कारखानदार मिळाले. परंतु त्यांच्या यंत्रांना पत्र्यांत सहा इंचांहून अधिक खोली देतां येत नसे. म्हणून या गाडीच्या बाजू अशा सपाट व सरळ आहेत. एंजिन मात्र युद्धांतील जीपचेंच, चार सिलिंडरांचें. आणखी एक मौज अशी, कीं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना लांकडी गाडीची सवय होती, म्हणून पत्र्यावर पिवळसर व तपकिरी पट्टे रंगवून लांकडाचा भास उत्पन्न केला होता. पत्र्यानें लांकडाचें सोंग घेतलें होतें खरें. पण गाडी पोलादी आहे, हें कंपनी अभिमानानें सांगत असे. सोंग उघड असलें म्हणजे त्यांत फसवणूक नसते.

अमेरिकन मोटारी हिंदुस्थानांत येऊं लागल्यास तोंपर्यंत बराच काळ लोटला होता. फोर्डची हिंदुस्थानांतील कंपनी १९२६ सालीं निघाली. ती फोर्डच्या कॅनडांतील कंपनीच्या अंकित होती. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें कारखाना घातला. तेथें पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून मोटारी तयार होत. परभणी मात्र तेव्हां इंग्रजी मुलखांत नव्हती. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती. संस्थानाची जकात निराळी, तिच्या खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. नाणेंही निराळें, त्यास ‘हाली शिक्का’ म्हणत. सहा कलदार रुपयांस सुमारें सात हाली रुपये पडत. आमच्या गाडीच्या कागदांत तिच्या पहिल्या धन्याची पावती आहे. ती उर्दूंत आहे, रक्कम हालींत आहे, आणि वर करोडगिरीचा शिक्का आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली. हाली रुपया १९५९ पर्यंत चालला, मग तोही गेला. १९५६ सालीं परभणी मुंबई राज्यांत आली आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. चार राजवटी पाहिलेला तो कागद मात्र पत्र्याच्या पेटींत जसाचा तसा राहिला.

माझ्या वडिलांनीं १९५२ सालीं ही गाडी हैदराबादेस, वापरलेली अशीच, विकत घेतली. आमचा व्यवसाय कापसाचा. मानवत, सेलू येथील बाजारांना जावें लागे, आणि पावसाळ्यांत काळ्या जमिनींतील रस्ते असे होत कीं बैलगाडीही आंसापर्यंत रुते. मागचें बाक काढलें कीं सरकीचीं पोतीं मावत; बाक लावलें कीं अर्धें वऱ्हाड मावे. आजीला गंगाखेडास जनाबाईच्या दर्शनाला याच गाडींतून नेत, आणि अपरात्रीं आळींतील एकादी बाळंतीण अडली तर तिलाही याच गाडींतून दवाखान्यांत पोंचवीत.

सन १९५३ मध्यें सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्यांची येथेंच भाग बनविण्याची योजना नाहीं त्यांनीं परदेशी मोटारींची नुसती जोडणी करूं नये. पुढच्याच वर्षीं जनरल मोटर्सनें शिवडीचें काम बंद केलें. फोर्डनेंही येथील व्यवहार आंवरला. जीपची बनावट मुंबईंत महिंद्रांनीं चालू ठेवली, म्हणून आमच्या गाडीच्या एंजिनाचे भाग तरी मिळत. दाराच्या कड्या, खिडक्यांच्या कांचा, रबराच्या पट्ट्या मिळणें मात्र दुरापास्त झालें. तुटलेली कडी लोहारानें घडवून द्यावी, असें चालूं लागलें. पुढें १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव कडाडले, आणि पेट्रोलची गाडी पोसणें आमच्यासारख्यांस परवडेना. वडिलांनीं मूळचें एंजिन काढून भंगारांत दिलें व डिझेलचें एंजिन बसविलें. त्यांस मी दोष देत नाहीं. तसें केलें नसतें तर सबंध गाडीच भंगारांत गेली असती.

नोकरींतून मोकळा झाल्यावर गाडी पूर्ववत् करण्याचें मीं मनावर घेतलें. डाव्या बाजूचा रंग खरवडून काढला, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. डिझेल एंजिन उतरवून जुन्या लष्करी जीपचें एंजिन मिळविलें व बसविलें. उजवें दार खरवडतांना थरामागून थर निघाले. सर्वांत तळाशीं हातभर लांबीचा एक तपकिरी पट्टा दिसला. तेंच तें टोलेडोंत रंगविलेलें लांकूड! तेथें माझा हात थांबला. पुढें पैसाही थांबला, गुडघेही थांबले, आणि गाडी तशीच राहिली: डावी बाजू नवी, उजवी बाजू जुनी.

विकावयाची ठरली तेव्हां आमचा मिस्त्री म्हणाला, “काका, उजव्या बाजूला पुट्टी भरून रंग मारूं. एंजिन त्याच जातीचं आहे. नंबर घासून कागदावरचा ठोकला कीं झालं. दुप्पट किंमत येईल.” माणूस वाईट नव्हे, त्याला माझा फायदा दिसत होता. खरें सांगतों, एक रात्र मला तो विचार गोड वाटला. घरांत पैशाची गरज होती. एंजिन खरोखरच त्याच कुळींतलें होतें. फरक काय तो पाण्याच्या पंपाजवळ कोरलेल्या नंबराचा. त्या नंबराच्या आरंभीं ‘एम्-बी’ अशीं अक्षरें आहेत, आणि तीं युद्धांतील विलीज जीपचीं.

याला कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारनें १५ जुलै २०२१ रोजीं जुन्या गाड्यांसाठीं नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेली खासगी दुचाकी वा चारचाकी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुढील नोंदणीस ५,००० रुपये फी आहे. नव्यानें नोंदलेल्या गाडीच्या नंबरांत ‘व्ही-ए’ हीं अक्षरें येतात, आणि आधीं नोंदलेल्या गाडीस जुना नंबर राखतां येतो. अशी गाडी रोजच्या वापरास नव्हे. प्रदर्शन, शर्यतफेरी, इंधन वा दुरुस्ती एवढ्यासाठींच रस्त्यावर आणतां येते. मुख्य अट अशी कीं, गाडी मूळ रूपांत असावी. चासी, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आमची गाडी या अटींत बसते कीं नाहीं, हें नोंदणी अधिकाऱ्यानें ठरवावयाचें. नंबर खोटा ठोकला असता तर त्याला खोट्यावरच निर्णय द्यावा लागला असता, आणि तें खोटें घेणाऱ्याच्या गळ्यांत जन्मभर राहिलें असतें.

सकाळीं उठून मीं एक फूलस्केप कागद घेतला आणि गाडीचें सर्व वृत्त लिहून काढलें. मूळचें एंजिन केव्हां गेलें, आतांचें कोणतें आहे, कोणता पत्रा नवा, कोणती कडी लोहारानें घडविलेली, कोठें गंज अद्याप शिल्लक आहे. गाडी पाहावयास तिघे आले. पहिले दोघे कागद वाचून परत गेले. तिसरे गृहस्थ हैदराबादचे. त्यांनीं कागद दोनदां वाचला, पंपाजवळचा नंबर विजेरी लावून पाहिला, उजव्या दारावरील पट्ट्यावरून बोट फिरविलें, आणि मिस्त्रीनें सांगितलेल्या आंकड्याच्या जेमतेम निम्मी किंमत देऊं केली. ती मीं घेतली. उजवें दार रंगवूं नका, एवढेंच मीं त्यांस सुचविलें. रंगविणें न रंगविणें आतां त्यांच्या हातीं आहे.

जुन्या वस्तूची दुरुस्ती हाही तिच्या इतिहासाचाच भाग असतो. वडिलांचें डिझेल एंजिन, लोहाराची कडी, माझी अर्धवट राहिलेली हौस, यांतील कशाचीही लाज वाटण्याचें कारण नाहीं. लपविलें म्हणजेच त्याची लाज होते. गाडी ट्रकवर चढविली तेव्हां मीं तो फूलस्केप कागद करोडगिरीच्या पावतीबरोबर एकाच लखोट्यांत घालून त्या गृहस्थांच्या हातीं दिला. आतां परसांतील छपराखालीं तेलाचा एक काळा डाग तेवढा उरला आहे.