वाफेच्या लॉरीचे पुनरुज्जीवन : घरच्या कार्यशाळेत काय शक्य, काय नाही

‘लेलँड’ हे नाव भारतातील ट्रकचालकांना आणि मालकांना नवे नाही. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील एका गावाचे हे नाव. तेथे १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘लँकेशायर स्टीम मोटर कंपनी’ची पहिली मालगाडी मात्र डिझेलवर नव्हे, तर वाफेवर धावली. हीच कंपनी १९०७ मध्ये ‘लेलँड मोटर्स’ झाली आणि पुढे १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सशी तिचे नाते जुळून ‘अशोक लेलँड’ हे नाव रूढ झाले. तोपर्यंत वाफेची लॉरी रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशी झाली होती. ब्रिटनमध्ये मात्र अशा मोजक्या लॉऱ्या आजही चालत्या स्थितीत आहेत. त्यांतील अनेक लॉऱ्या हौशी मंडळींनी घराशेजारच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे खपून उभ्या केल्या आहेत. हे काम चिकाटीचे आहेच. पण त्यातील एक भाग असा आहे की, तेथे हौस आणि हातचे कसब पुरेसे ठरत नाही. तो भाग म्हणजे बॉयलर.

उदय आणि अस्त

ब्रिटनमध्ये १८९६ च्या कायद्याने हलक्या यांत्रिक वाहनांपुढे माणूस चालविण्याची सक्ती रद्द केली आणि मालवाहतुकीच्या मोटारींचा मार्ग मोकळा झाला. थॉर्निक्रॉफ्ट, लेलँड, चेशायरमधील सँडबॅच येथील फोडेन, लीड्सची यॉर्कशायर आणि मूळ ग्लासगोची सेंटिनेल ही या व्यवसायातील ठळक नावे. सेंटिनेलचे उत्पादन १९१५ मध्ये श्रूझबरी येथील नव्या कारखान्यात हलविण्यात आले. दगडी कोळसा मुबलक आणि स्वस्त असलेल्या त्या देशात गिरण्या, बिअरचे कारखाने आणि कोळशाच्या वखारी यांना ही लॉरी परवडत असे.

तिच्या ऱ्हासाला केवळ डिझेल इंजिन कारणीभूत नव्हते. १९३२ च्या सॉल्टर अहवालानंतर ब्रिटनमध्ये जड मालमोटारींवरील कराचा बोजा वाढला. हा कर गाडीच्या रिकाम्या वजनावर आधारलेला होता आणि बॉयलरमुळे वाफेची लॉरी मुळातच जड असे. माल तेवढाच, कर मात्र अधिक, असा हा व्यवहार होता. अनेक लॉऱ्या भंगारात गेल्या. काहींचे रूपांतर रस्त्यावर डांबर फवारणाऱ्या गाड्यांत झाले आणि त्यामुळेच त्या वाचल्या.

दोन प्रमुख रचना

फोडेनच्या लॉरीत रेल्वे इंजिनासारखा आडवा बॉयलर पुढे असतो आणि त्याच्या पाठीवर इंजिन बसविलेले असते. उच्च दाबाच्या सिलिंडरमध्ये काम करून बाहेर पडलेली वाफ कमी दाबाच्या मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा वापरली जाते. तेथून साखळीद्वारे मागील आसाला गती मिळते.

सेंटिनेलमध्ये बॉयलर उभा असून तो चालकाच्या केबिनमध्ये असतो, तर इंजिन सांगाड्याखाली असते. त्यामुळे माल ठेवण्यास अधिक जागा मिळते. कोळसा वरून टाकला जातो. भट्टीच्या आरपार तिरप्या बसविलेल्या नळ्यांतून पाणी फिरते. या बॉयलरची आतील भट्टी बोल्ट काढून खाली उतरविता येते. पाण्यातील क्षारांचा थर साफ करता यावा आणि पत्र्याची पाहणी करता यावी, हा त्यामागील हेतू. गाडी बनविणाऱ्यांनाही खरा शत्रू कोण, हे ठाऊक होते, असाच याचा अर्थ.

आधी बॉयलर, मग बाकी सारे

नवखा माणूस साधारणपणे दिसणाऱ्या भागांपासून सुरुवात करतो. केबिनचे लाकूडकाम होते, चाके रंगतात, पितळी भाग चकाकू लागतात. त्यानंतर तपासणीत बॉयलर निकामी ठरतो आणि तोवर जमवलेला पैसा संपलेला असतो. म्हणून अनुभवी पुनरुज्जीवकांचा क्रम उलटा असतो. सर्वप्रथम बॉयलर सुटा करून तपासून घ्यायचा आणि त्याचा अहवाल हाती आल्यावरच पुढील खर्चाचा आराखडा करायचा.

या दक्षतेचे कारण साध्या हिशेबात आहे. अनेक लॉऱ्यांत वाफेचा दाब दर चौरस इंचाला २३० पौंडांच्या आसपास असतो. म्हणजे एक चौरस फूट पत्र्यावर सुमारे १५ टनांचा भार पडतो. या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. ते सुमारे २०४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. पत्रा फाटून दाब एकाएकी नाहीसा झाला, तर त्यातील सुमारे पाचव्या हिश्श्याच्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि मोकळ्या हवेत ही वाफ मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. बॉयलरचा स्फोट म्हणजे हाच प्रसंग.

तपासणीत बाहेरून रंगविलेला पत्रा पाहून भागत नाही. ध्वनिलहरींच्या उपकरणाने पत्र्याची जाडी अनेक ठिकाणी मोजली जाते. राख आणि ओल साचणारा भट्टीचा तळ, रिव्हेटचे जोड, आतील व बाहेरील पत्रे बांधून ठेवणारे स्टे आणि नळ्यांची टोके ही गंजाची आवडती ठिकाणे. त्यानंतर थंड पाण्याची दाबचाचणी होते. मोठ्या दुरुस्तीनंतर ती सामान्यतः नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने घेतात. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्याने एखादी फट पडली, तरी दाब लगेच उतरतो आणि धोका टळतो. हवेने किंवा थेट वाफेने अशी चाचणी घेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

बॉयलरच्या पत्र्याला ठिगळ लावणे, वेल्डिंग करणे किंवा नवी भट्टी घडविणे ही कामे प्रमाणित वेल्डर आणि बॉयलर बनविणारे कारागीर यांच्याकडेच द्यावी लागतात. ती घरच्या शेडमध्ये उरकण्याची नाहीत.

घरी करता येणारी कामे

उरलेले काम थोडे नाही. चांगला लेथ, ड्रिलिंग यंत्र, जड भाग उचलण्यासाठी चेन पुली आणि ती पेलणारी भक्कम तुळई एवढी सामग्री असल्यास बरेच काही साधते. एकही नट सोडविण्यापूर्वी छायाचित्रे काढणे, मापे लिहून ठेवणे आणि प्रत्येक भागाला क्रमांकाची चकती बांधणे आवश्यक असते. दहा वर्षांनंतर जोडणी करताना स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही.

जुन्या बॉयलरवरील उष्णतारोधक आवरणात ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. त्यामुळे कोरडे घासून रंग उडविणे किंवा आवरण हाताने ओरबाडणे टाळावे. ॲस्बेस्टॉस काढण्याचे काम प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावे.

इंजिनाचे सिलिंडर झिजून अंडाकृती झालेले असतात. ते पुन्हा गोल कातून त्या मापाच्या नव्या पिस्टन रिंगा बसविल्या जातात. बेअरिंगमधील कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू वितळवून पुन्हा ओतता येतो आणि लेथवर कातून मापात आणता येतो. हरवलेल्या बिडाच्या भागासाठी लाकडी नमुना तयार करून तो ओतशाळेत द्यावा लागतो. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकुंचन पावते, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. सांगाड्याची सैल झालेली रिव्हेट बदलणे, केबिनची लाकडी चौकट नव्याने जोडणे, साखळ्या आणि ब्रेक यांची जुळणी ही सारी कामे घरी होऊ शकतात. भरीव रबरी धावा चाकावर चढविण्यासाठी मात्र मोठ्या हायड्रॉलिक प्रेसची गरज भासते.

माहितीच्या बाबतीत हौशी माणूस एकटा नसतो. ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये ‘रोड लोकोमोटिव्ह सोसायटी’ स्थापन झाली. १९५० मध्ये ॲपलफर्ड येथे आर्थर नेपर यांनी बिअरच्या पैजेवर लावलेल्या वाफेच्या इंजिनांच्या शर्यतीने या छंदाला लोकप्रियता मिळाली आणि १९५४ मध्ये आजच्या ‘नॅशनल ट्रॅक्शन इंजिन ट्रस्ट’चा पाया घातला गेला. अशा संस्थांच्या सभासदांकडे जुनी रेखाचित्रे, सुटे भाग आणि त्याहून मोलाचा अनुभव असतो.

पाण्याची पातळी म्हणजे प्राण

गाडी तयार झाल्यावर चालकाची परीक्षा सुरू होते. भट्टीला लागून असलेल्या पत्र्याला पाणीच थंड ठेवते. पाणी खाली गेले की तोच पत्रा लाल होऊन मऊ पडतो. त्यासाठी पाण्याची पातळी दाखविणारी काच, पाणी भरण्याची दोन स्वतंत्र साधने, सुरक्षा झडप आणि वितळणारी खुंटी असा चौपदरी बंदोबस्त केलेला असतो. खुंटीतील मऊ धातू उष्णतेने वितळतो आणि तेथून सुटलेली वाफ चालकाला सावध करते. मात्र हीच खुंटी क्षारांच्या थराखाली गाडली गेली किंवा वेळेवर बदलली नाही, तर तिचा भरवसा उरत नाही.

याचे भीषण उदाहरण २९ जुलै २००१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात घडले. मेदिना परगण्याच्या जत्रेच्या मैदानावर आलेल्या वाफेच्या जुन्या ट्रॅक्टरच्या बॉयलरचा स्फोट होऊन ५ जणांना प्राण गमवावे लागले. कित्येक जण जखमी झाले. भट्टीच्या छताचा पत्रा झिजून पातळ झाला होता आणि बॉयलरमध्ये पाणी कमी होते, असे तपासात आढळले. या दुर्घटनेनंतर ओहायोने अशा ऐतिहासिक बॉयलरांनाही तपासणीच्या कक्षेत आणले.

आजच्या अडचणी

ब्रिटनमधील वाफेच्या छंदासमोर आता इंधनाचाही प्रश्न आहे. वेल्समधील फोस-इ-फ्रान ही मोठी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. त्यानंतर आयात कोळसा आणि दाबून तयार केलेल्या इंधनाच्या विटा यांवर भिस्त वाढली आहे. नव्या इंधनाची ज्योत आणि राख वेगळी असल्याने आग सांभाळण्याची रीतही नव्याने शिकावी लागते.

आपल्याकडे वाफेच्या लॉऱ्यांपेक्षा वाफेवरचे रोड रोलर अधिक परिचयाचे. एखाद्या आवारात असा रोलर गंजत उभा असेल आणि तो पुन्हा चालता करण्याची इच्छा कोणाला झाली, तर वरील क्रम त्यालाही तंतोतंत लागू पडतो. भारतात १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. महाराष्ट्रात या कामाची जबाबदारी बाष्पके संचालनालयाकडे आहे. भट्टी पेटविण्याच्या कितीतरी आधी या कार्यालयाची पायरी चढणे श्रेयस्कर.

तपासणीत बॉयलर नापास झाला, तर सारे श्रम वाया गेले, असेही समजण्याचे कारण नाही. नवा बॉयलर परवडेपर्यंत गाडी आग न पेटविता प्रदर्शनात ठेवता येते. सांगाडा, इंजिन आणि केबिन यांचे मोल त्याने कमी होत नाही. शंभर वर्षे टिकलेले यंत्र आणखी काही वर्षे थांबू शकते. त्याच्याभोवती कौतुकाने जमणाऱ्या मुलाबाळांच्या जिवाशी मात्र तडजोड करता येत नाही.