खांडक्या राजा, नबुखद्नेस्सर आणि न लढता पडलेली नगरे

चंद्रपूरच्या स्थापनेची कथा एका आजारी राजापासून सुरू होते. गोंड राजा बल्लाळशहाच्या अंगभर गळवे उठली होती, म्हणूनच लोकांनी त्याला ‘खांडक्या’ म्हटले. राणीच्या सल्ल्याने त्याने सिरपूर सोडले आणि वर्धेच्या काठी बल्लारपूरचा किल्ला बांधला. पुढे शिकारीच्या वाटेवर झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी तो प्यायला आणि व्याधी गेली. तिथेच अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले व नंतर चांदा नगर वसले. ही आख्यायिका चंद्रपूरच्या मुलांना पाठ असते.

आता बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथाकडे वळू. बाबेलचा सम्राट नबुखद्नेस्सर स्वप्नात आभाळाला टेकलेला एक वृक्ष पाहतो. तो तोडण्याची आज्ञा होते, पण बुंधा जमिनीत राखला जातो. वर्षभराने राजवाड्याच्या छतावरून नगराकडे पाहत तो ‘हे सारे माझ्या बळाने उभारले’ असे म्हणतो आणि त्याच क्षणी त्याची बुद्धी हरपते. माणसांतून हाकलला गेलेला तो राजा बैलासारखे गवत खातो. सात काळ लोटल्यावर तो स्वर्गाकडे डोळे लावतो, तेव्हा त्याला बुद्धी आणि राज्य परत मिळते. तोडलेल्या सागाच्या बुंध्याला फुटवे येताना ज्यांनी आलापल्लीच्या जंगलात पाहिले आहे, त्यांना त्या राखलेल्या बुंध्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

गंमत पुढे आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांतून अरामी भाषेतले काही तुकडे मिळाले व १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत जवळपास हीच कथा आहे. मात्र राजा नबुखद्नेस्सर नसून नबोनिदस आहे, आणि त्याला वेड नव्हे, तर सात वर्षे दुष्ट फोड आलेले आहेत! नबोनिदस हा बाबेलचा अखेरचा राजा. तो राजधानी सोडून अरबस्तानातल्या तैमा येथे दहा वर्षे राहिला, हा इतिहास आहे. त्यामुळे अनेक अभ्यासकांना वाटते की ही कथा मुळात त्याची असावी आणि पुढे अधिक प्रसिद्ध अशा नबुखद्नेस्सराला चिकटली असावी.

दोन राजे, दोघांच्याही अंगावर फोड, दोघेही दैवी कृपेने बरे झालेले. पण दोन्ही परंपरांनी त्या फोडांचा अर्थ निरनिराळा लावला. यहुदी कथेत रोगाचे कारण राजाच्या आत आहे: गर्व, मूर्तिपूजा. चांद्याच्या कथेत खांडक्याला कोणी दोषी ठरवत नाही. त्याचा रोग हा केवळ रोग आहे, आणि देव तिथे न्यायाधीश नसून वैद्य आहे.

न्यायाधीश चांद्याच्या इतिहासात येतो तो तीन शतकांनी, राजवटीच्या शेवटी.

तत्पूर्वी बाबेलचा शेवट पाहू. इ. स. पू. ५३९ च्या ऑक्टोबरमध्ये कुरुशाचे सैन्य त्या अजस्र तटांच्या नगरात लढाई न करता शिरले. बाबेलच्याच बखरीत तशी नोंद आहे. १८७९ साली सापडलेल्या कुरुशाच्या मृत्तिका-दंडगोलावर या घटनेचे कारणही दिले आहे: नबोनिदसाच्या अधर्मामुळे मार्दुक देव कोपला आणि त्याने स्वतःच कुरुशाला निवडले. दानीएलाच्या ग्रंथात हाच निवाडा इस्राएलाचा देव करतो. तिथे नबोनिदसाचा पुत्र बेलशस्सर मंदिरातून लुटलेल्या पात्रांतून मद्य पीत असतो आणि भिंतीवर एक हात अक्षरे लिहितो. देव बदलला, आरोपी तेच राजघराणे. जेत्यांनी आणि बंदिवानांनी, दोघांनीही आपापल्या देवाच्या नावाने एकच निकाल लिहून ठेवला.

चांद्याचा तट जवळपास अकरा किलोमीटरांचा आहे. जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर, बिनबा ही दारे आजही उभी आहेत. पण १७५१ साली रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला, तेव्हा या तटाने लढाई दिली नाही; नगर फितुरीने पडले. शेवटचा राजा नीलकंठशहा इंग्रजी गॅझेटियरांत दुष्ट आणि क्रूर म्हणून नोंदला गेला आहे: वडिलांच्या विश्वासू दिवाणाला त्याने मारले, प्रजा विटली, म्हणून कोणी त्याच्यासाठी उभे राहिले नाही. हे खरे असू शकते. पण गोंडांकडून भोसल्यांकडे व भोसल्यांकडून इंग्रजांकडे सत्ता गेल्यावर, शंभरहून अधिक वर्षांनी ही हकिगत कागदावर उतरली, हे लक्षात ठेवलेच पाहिजे. ज्याचे राज्य गेले त्याला दुष्ट ठरवणे पुढच्या प्रत्येक राज्यकर्त्याला सोयीचे असते. कुरुशालाही ते सोयीचे होतेच.

मग संदेष्ट्यांची वाणी जेत्यांच्या प्रचारापेक्षा वेगळी कशी? माझ्या मते वेगळेपण एकाच गोष्टीत आहे: त्यांनी हा मापदंड घरच्या राजालाही लावला, आणि तोही राजा सिंहासनावर असताना. यिर्मयाने यहूदाच्या यहोयाकीम राजाला गाढवासारखी मूठमाती मिळेल असे बजावले. त्याच राजाने यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली. यिर्मयाने ती पुन्हा लिहवून घेतली.

चांद्याच्या लोकस्मृतीतही घरच्या राजाची अशी एक कथा आहे. बीरशहाने मुलीच्या अपमानाचा सूड म्हणून देवगडच्या घराण्यातल्या आपल्याच जावयाचे, दुर्गपालाचे, शिर कापले आणि महाकालीला वाहिले. ते दगडात कोरून देवळावर बसवले, तोंड देवगडच्या दिशेला, असे सांगतात. पुढे बीरशहा स्वतःच्या दुसऱ्या लग्नाच्या सोहळ्यात हिरामण नावाच्या रजपुताच्या तलवारीने पडला. जो जावयाचे शिर वाहतो तो आपल्याच लग्नात मरतो! लोकांनी या दोन घटना एकामागोमाग सांगितल्या आणि निकाल मात्र उच्चारला नाही. राणी हिराईने पतीची भव्य समाधी बांधली, महाकालीचे देऊळही बांधले. अपराधाची आठवण आणि शोक असे एकाच नगरात उभे आहेत.

नीलकंठशहाला अशी समाधी बांधणारे कोणी उरले नाही. भोसल्यांनी त्याला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत टाकले आणि तिथेच तो मेला. अंगावरचे फोड घेऊन सिरपूरहून आलेल्या खांडक्याने बांधलेला, तोच हा किल्ला.