मोडशीची कुळकथा

आपल्या सावलीकडे रोवणीच्या दिवसांत चिखलात राबून आलेल्या बाईचे रात्री पोट बिघडले, की माझ्या सासूबाई म्हणत, "काही नाही, मोडशी झाली असेल." हे 'काही नाही' त्या शब्दाला नेहमीच चिकटलेले असे. म्हणूनच त्याचे कूळ वाचले तेव्हा मी थक्क झाले.

मोडशी हा शब्द 'मोडणे' या क्रियापदावरून आला, असे मानतात. अजीर्ण हा संस्कृत शब्द 'जिरले नाही' एवढेच सांगतो. मोडशी मात्र माणसाचे काय होते ते सांगते. हातपाय गळतात, उभे माणूस मोडून पडते. आणि जुन्या काळी ही मोडशी म्हणजे साक्षात् पटकी होती!

1543 साली गोव्यात तिची साथ आली. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोरेया लिहितो की, माणसे इतकी दगावली की मृतांसाठी घंटा वाजविण्यास गव्हर्नराने मनाई केली. पुढे 1563 साली गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. येथील लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात आणि आमचे लोक त्याचा अपभ्रंश 'मोर्देशी' करतात, असे त्याने नमूद केले आहे. फ्रेंचांनी तर त्याचे 'मोर द श्याँ' केले, म्हणजे कुत्र्याचे मरण! आपला शब्द परमुलखात जाऊन काय होऊन बसला पाहा. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात यूल व बर्नेल यांनी हा गुंता सोडवून मराठी मूळ दाखविले.

1817 पासून साथी दूरवर पसरल्या. मोठ्या रोगाला पटकी, महामारी आणि अरबीतून आलेला हैजा ही नावे राहिली, मोडशी तेवढी घरगुती झाली, असे मला वाटते. शब्द सौम्य झाला, पण ढाळ सौम्य झाले नाहीत. जीव जातो तो अंगातले पाणी व क्षार निघून गेल्याने. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून हजारोंना वाचविले.

तेच पाणी आपल्या चुलीवर होते. 1 लिटर उकळून गार केलेले पाणी, 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोटघोट पाजावे. मूल निपचित पडले किंवा लघवी थांबली, तर सुंठ उगाळीत न बसता तडक दवाखाना गाठावा, आणि वाटेतही पाजणे सोडू नये.