बेघरांस दंड की घर?

सन १९८१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात, दीड महिन्यांच्या अवधीत, दोन महानगरांत बेघर माणसांविषयी दोन अगदी भिन्न निर्णय झाले. एक शहर मुंबई, जेथून आपली पुष्कळ कुटुंबे निघाली. दुसरे न्यू यॉर्क, जे जर्सी सिटीच्या काठावरून हडसन नदीपलीकडे रोज दिसते. या दोन निर्णयांची कथा आपल्या वाचकांस ठाऊक असावी, कारण तिचा पुढील अध्याय आज आपल्याच दाराशी चालू आहे.

मुंबईची गोष्ट प्रथम सांगू. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की, पदपथांवरील रहिवाशांस हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्यात येईल. २३ जुलैस भर पावसात झोपड्या मोडण्यास प्रारंभ झाला. पत्रकार ओल्गा टेलिस व काही पदपथवासी यांनी न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे. माणूस पदपथावर राहतो तो जवळच त्याचे काम असते म्हणून. तथापि पदपथ अडविण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पूर्वसूचना द्यावी, पावसाळा संपू द्यावा, मग हटवावे, असा तो निकाल होता. तत्त्व मोठे मिळाले. घर मात्र मिळाले नाही.

हा धडा मुंबईला नवा नव्हता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीच्या वस्त्या पाडण्यात आल्या. निघालेली माणसे शहराबाहेर गेली नाहीत. कामधंदा जवळ असल्यामुळे शेजारच्याच चाळींत अधिक दाटीने राहू लागली. पुढे १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे २०७ बी. डी. डी. चाळी बांधल्या. खोल्या लहान होत्या, सोयी अपुऱ्या होत्या. पण त्यांत कामगारांच्या पिढ्या वाढल्या. पाडण्याने गरीब हलला आणि बांधण्याने स्थिरावला, एवढा निष्कर्ष या इतिहासातून निश्चित निघतो.

भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांनी हेच स्वतःच्या पद्धतीने सिद्ध केले. भायखळा आणि जेकब सर्कल हा आपल्या जुन्या मंडळींच्या पायाखालचा भाग. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेच्या साह्याने या स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. त्यांनी आपल्या बिऱ्हाडांची गणती केली, पैपैसा साठविला, आणि आपल्याला परवडेल अशा घराचे पूर्ण मापाचे नमुने उभे करून अधिकाऱ्यांस दाखविले. अखेरीस त्यांच्यातील पहिली कुटुंबे मानखुर्द येथील मिलन नगरात स्वतःच्या घरांत गेली.

आता न्यू यॉर्क. तेथे रॉबर्ट हेस नावाच्या तरुण वकिलाने १९७९ मध्ये बेघर पुरुषांच्या वतीने दावा लावला. ऑगस्ट १९८१ मध्ये तडजोड होऊन निवारा मागणाऱ्या प्रत्येक बेघर पुरुषास रात्री खाट देण्याचे शहराने कबूल केले. मुंबईच्या मानाने हे पाऊल किती तरी पुढचे! तरीही खाट म्हणजे घर नव्हे, हे लवकरच दिसून आले. म्हणून १९९२ मध्ये त्याच शहरात सॅम त्सेम्बेरिस यांनी उलटा क्रम अवलंबिला: आधी घर द्यावे, व्यसन, आजार, नोकरी यांचा विचार मग करावा. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले आणि तेथे बेघरांची संख्या बरीच खाली आली.

याउलट २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात, सहा विरुद्ध तीन मतांनी, सार्वजनिक जागी झोपणाऱ्यास दंड करण्याची मुभा दिली. न्यायालयाने मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. निर्णय प्रत्येक गावाचा आहे. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून शाळेतलाच दाखला देतो. ज्या मुलाजवळ पाटीच नाही, त्याला अक्षर काढले नाही म्हणून छडी मारली, तर तो काय शिकणार?

न्यू जर्सीत पाटी देण्याचा मार्ग उपलब्ध आहे. १९७४ च्या कायद्याने बहुतेक भाडेकरूंस सबळ कारणावाचून काढता येत नाही. मात्र मालक स्वतः राहतो अशा दोन-तीन बिऱ्हाडांच्या घरांस ते संरक्षण नाही, हे आपल्या भाडेकरू बांधवांनी ध्यानात ठेवावे. माउंट लॉरेल गावच्या एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय बाईंच्या लढ्यामुळे १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, प्रत्येक वाढत्या गावाने गरिबांच्या घरांस वाव दिला पाहिजे. २०२४ च्या नव्या कायद्याने ही जबाबदारी पुन्हा ठामपणे वाटून दिली. जर्सी सिटीसारख्या जुन्या शहरांस नव्या घरांच्या वाट्यातून सूट आहे. भार मुख्यतः उपनगरांवर आहे.

आणि येथेच प्रश्न आपला होतो. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार थाटून पुढे उपनगरात घर घेणारी कुटुंबे आपल्यांत थोडी नाहीत. गावसभेत स्वस्त घरांचा विषय निघाला की घराची किंमत उतरेल, चोऱ्या वाढतील, अशी भीती बोलून दाखविली जाते. माउंट लॉरेल येथे एथेल लॉरेन्स यांच्या नावाने १४० घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हाही हेच बोलले गेले. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. शेजारची गुन्हेगारी, घरांच्या किमती व कर यांवर वसाहतीचा वाईट परिणाम झाल्याचे त्यांना आढळले नाही. उलट तेथे राहावयास गेलेल्या कुटुंबांची स्थिती सुधारली.

वाचकहो, पुढच्या वेळी आपल्या गावी अशी सभा भरेल, तेव्हा तिला अवश्य जावे, आणि बोलण्यापूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावे की, मुंबईत पहिली खोली त्यांना कोणी व कशी दिली होती.