सोनेरी पट्ट्या आणि एक रिकामा रकाना

वैमानिकाचा गणवेश, नोकरीची मुलाखत आणि मार्लन ग्रीन यांचा खटला : एक दीर्घ थ्रेड 🧵

१/
विमान कंपनीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुण वैमानिकाला आजही काही ठरावीक सल्ले मिळतात. गडद रंगाचा सूट, साधा टाय, चकचकीत बूट, नीट कापलेले केस, मोजके आणि शांत बोलणे. हे संकेत आले कुठून? आणि ते सारे पाळूनही एका उमेदवाराचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत का गेले?

२/
सुरुवातीला असा कोणताही संकेत नव्हता. १९२० च्या दशकातला अमेरिकन टपाल-वैमानिक उघड्या कॉकपिटमध्ये बसत असे. अंगात चामड्याचे जाकीट, डोळ्यांवर गॉगल, चेहऱ्यावर इंजिनाच्या तेलाचे शिंतोडे. लोकांच्या लेखी तो धाडसी आणि काहीसा बेफिकीर गडी होता. टपालाच्या थैल्यांना त्याच्या कपड्यांशी काही देणेघेणे नव्हते.

३/
थैल्यांच्या जागी माणसे बसू लागली आणि प्रश्न बदलला. तिकीट काढणाऱ्याला विमानाची भीती वाटत असे आणि ती निराधार नव्हती. हा धीर देण्याचे काम कंपन्यांनी पेहरावाकडे सोपवले. १९३० मध्ये 'बोइंग एअर ट्रान्सपोर्ट'ने एलेन चर्च यांना पहिली विमानसेविका म्हणून नेमले. त्या शिक्षित परिचारिका होत्या. परिचारिका सोबत असली की प्रवाशाला हायसे वाटेल, हा हिशेब त्यामागे होता.

४/
वैमानिकाच्या बाबतीत हा हिशेब सर्वांत पक्का मांडला तो ह्वान ट्रिप यांच्या 'पॅन अमेरिकन' कंपनीने. १९३१ मध्ये तिच्या ताफ्यात सिकोर्स्की एस-४० ही पाण्यावर उतरणारी मोठी विमाने आली. त्यांना नाव मिळाले 'क्लिपर', म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या वेगवान शिडाच्या जहाजांचे. वैमानिकांना नौदलाच्या धर्तीचा गणवेश आणि अधिकाऱ्याची टोपी देण्यात आली.

५/
पोशाखापाठोपाठ भाषाही जहाजावरून उतरली. मुख्य वैमानिक 'कॅप्टन' झाला, त्याचा सहकारी 'फर्स्ट ऑफिसर' झाला, सोबतची मंडळी 'क्रू' ठरली आणि वेग 'नॉट'मध्ये मोजला जाऊ लागला. आज जगभर कॅप्टनच्या बाहीवर किंवा खांद्यावर सामान्यतः चार पट्ट्या दिसतात आणि फर्स्ट ऑफिसरच्या तीन. त्यांचे मूळ याच उसनवारीत आहे.

६/
समुद्रावरच्या कप्तानाचा शतकानुशतकांचा दरारा एका नव्या, अस्थिर व्यवसायाने अंगावर चढवला. युक्ती कमालीची यशस्वी झाली. परंतु तिचा एक परिणाम मुलाखतीच्या खोलीत उमटला. उमेदवाराला विमान चालवता येते का, या प्रश्नाशेजारी दुसरा प्रश्न येऊन बसला : हा माणूस कॅप्टनसारखा दिसतो का?

७/
'कॅप्टनसारखा' या शब्दात काय काय दडले होते, हे हेलन रिची यांना लवकर कळले. १९३४ च्या अखेरीस 'सेंट्रल एअरलाइन्स'ने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी वॉशिंग्टन ते डेट्रॉइट हे नियमित प्रवासी उड्डाण केले. मात्र वैमानिकांच्या संघटनेने त्यांना सदस्यत्व नाकारले. खराब हवामानात त्यांना उड्डाणावर पाठवू नये, असा दबाव आला. प्रसिद्धीसाठी त्या हव्या होत्या, नियमित कामासाठी नको होत्या. १९३५ मध्येच त्यांनी राजीनामा दिला.

८/
आता या थ्रेडचे मुख्य पात्र. मार्लन ग्रीन, जन्म १९२९, गाव एल डोराडो, राज्य आर्कान्सा. १९४८ मध्ये ते हवाई दलात गेले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांतील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला होता. त्यामुळे या कृष्णवर्णीय तरुणाला अशी संधी मिळाली, जी आधीच्या पिढीला वेगळ्या तुकड्यांमध्येच मिळत असे.

९/
नऊ वर्षांत ते कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. अनेक इंजिनांची विमाने त्यांनी चालवली. जपानमध्ये असताना त्यांच्याकडे बचावकार्याची उड्डाणे होती. १९५७ मध्ये हवाई दल सोडताना त्यांच्या नोंदवहीत ३,००० हून अधिक उड्डाण-तास होते. कडक इस्त्रीचा गणवेश, ताठ चाल, आज्ञा घेण्याची आणि देण्याची सवय, हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

१०/
त्यांनी कंपन्यांकडे अर्ज पाठवायला सुरुवात केली. अर्जात वंशाचा रकाना असे आणि सोबत छायाचित्र मागितले जाई. पोशाख नंतरची गोष्ट. पहिली चाळणी त्या कागदावरच लागत होती. नकारामागून नकार येत गेले. अखेर 'कॉन्टिनेंटल एअरलाइन्स'च्या अर्जात ग्रीन यांनी वंशाचा रकाना रिकामा ठेवला आणि छायाचित्रही जोडले नाही.

११/
उत्तर लगेच आले. १९५७ च्या जून महिन्यात कंपनीने त्यांना मुलाखतीसाठी आणि हवाई चाचणीसाठी डेन्व्हरला बोलावले. ग्रीन चाचणीत उत्तीर्ण झाले. त्यानंतर त्यांच्याहून कमी अनुभव असलेल्या गोऱ्या उमेदवारांना प्रशिक्षणासाठी घेण्यात आले. ग्रीन यांना घेतले नाही.

१२/
हा प्रसंग इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण यात एखाद्या प्रयोगासारखी स्वच्छता आहे. कागदावर केवळ पात्रता होती, तेव्हा दार उघडले. माणूस समोर उभा राहिला आणि दार बंद झाले. दरम्यान बदलली ती एकच गोष्ट : कंपनीला त्यांचा वर्ण कळला.

१३/
कोलोराडो राज्याने त्याच वर्षी नोकरीतील भेदभावाविरुद्ध कायदा केला होता. ग्रीन यांनी राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाकडे तक्रार केली. डेन्व्हरचे वकील टी. रेबर टेलर यांनी त्यांची बाजू मांडली. ग्रीन यांना न निवडण्याचे एकमेव कारण त्यांचा वंश आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि पुढच्या प्रशिक्षण-तुकडीत त्यांना पहिली संधी देण्याचा आदेश दिला.

१४/
कंपनीने आदेशाला आव्हान दिले. युक्तिवाद असा : विमाने अनेक राज्यांतून जातात, म्हणून एका राज्याच्या कायद्याचा जाच आंतरराज्य वाणिज्यावर पडता कामा नये. राज्यातील न्यायालयांनी तो मान्य केला. आधार म्हणून १८७८ चा 'हॉल विरुद्ध डीक्यूअर' हा निकालही पुढे आला.

१५/
तो निकाल होता मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटीविषयी! एका कृष्णवर्णीय स्त्रीला गोऱ्यांसाठी राखलेल्या केबिनमध्ये जागा नाकारली गेली होती. अशा भेदभावाला मनाई करणारा लुइझियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने आंतरराज्य वाहतुकीच्या नावाखाली रद्द ठरवला होता. वैमानिकाचा गणवेश जहाजावरून आला आणि वैमानिकाला रोखणारा दाखलाही बोटीवरूनच आला.

१६/
२२ एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ग्रीन यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. त्यातला तर्क सोपा आणि भेदक आहे. वेगवेगळी राज्ये परस्परविरोधी नियम करतील ही भीती आता उरलेली नाही. कारण वर्णावरून नोकरी नाकारायला लावणारा कोणताही कायदा राज्यघटनेपुढे टिकणारच नाही. मग संघर्ष होणार कोणत्या दोन नियमांत?

१७/
लक्षात घ्यावे, नोकरीतील भेदभावाला देशभर मनाई करणारा नागरी हक्क कायदा १९६४ चा आहे. म्हणजे हा निकाल त्याच्या आधीचा.

१८/
१९६४ च्या डिसेंबरमध्ये 'अमेरिकन एअरलाइन्स'ने डेव्हिड हॅरिस यांना नेमले. तेही हवाई दलातून आलेले, बी-५२ चालवलेले. त्यांचा वर्ण इतका उजळ होता की मुलाखत घेणाऱ्याला ते कृष्णवर्णीय असल्याचे सहज कळले नसते. हॅरिस यांनी मुलाखतीत स्वतःहून ते सांगितले. कंपनीला रंगाशी कर्तव्य नाही, विमान चालवता येते का एवढेच पाहायचे आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले.

१९/
सात वर्षांपूर्वी ग्रीन यांना जी गोष्ट कागदावर लिहिण्याचे टाळावे लागले, तीच हॅरिस तोंडाने सांगू शकले. या दोन मुलाखतींमधले अंतर एका माणसाने स्वतःच्या उमेदीच्या वर्षांनी भरून काढले होते. खटला चालू असताना ग्रीन यांना कुटुंब पोसण्यासाठी मिळेल ती कामे करावी लागली. 'कॉन्टिनेंटल'मध्ये ते रुजू झाले १९६५ मध्ये, त्या हवाई चाचणीनंतर जवळपास आठ वर्षांनी.

२०/
स्त्रियांना आणखी थांबावे लागले. एमिली हॉवेल वॉर्नर डेन्व्हरमध्येच उड्डाण-प्रशिक्षक होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेले पुरुष विमान कंपन्यांत लागत होते आणि त्यांचे स्वतःचे अर्ज पडून राहत होते. १९७३ च्या जानेवारीत 'फ्रंटियर एअरलाइन्स'ने त्यांना घेतले. त्यांचा गणवेश आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जतन केलेला आहे.

२१/
आपल्याकडे प्रेम माथुर यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. इतर कंपन्यांच्या नकारानंतर हैदराबादच्या 'डेक्कन एअरवेज'ने त्यांना संधी दिली आणि त्या भारतातील पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक ठरल्या. म्हणजे कॅप्टनच्या त्या ठरीव चित्राची अडचण एकट्या अमेरिकेची नव्हती.

२२/
मुलाखतीतले नेटकेपण निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या हाती शेकडो प्राण सोपवायचे, त्याचा संयम आणि काटेकोरपणा पारखला गेलाच पाहिजे. पण टाय आणि बूट हे उमेदवाराच्या हातात असतात, वर्ण आणि लिंग नसतात. 'शोभणे' या एका शब्दात दोन्ही मिसळले की अन्यायाला शिस्तीचा गणवेश मिळतो.

२३/
ग्रीन १९७८ मध्ये निवृत्त झाले आणि २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१० मध्ये 'कॉन्टिनेंटल'ने आपल्या एका बोइंग ७३७ विमानाला त्यांचे नाव दिले. ज्या अर्जात त्यांनी एक रकाना रिकामा सोडला होता, त्याच कंपनीच्या विमानावर त्यांचे नाव हुद्द्यासह लिहिले गेले : कॅप्टन मार्लन ग्रीन.

(समाप्त)